जर-तरच्या गोष्टी

‘जर-तरच्या गोष्टी कशाला हव्यात?’ असे म्हणून आपण पुष्कळदा समोरच्याचे बोलणे उडवून लावतो. वास्तविक दिवसभरात आपण जे बोलतो त्याचा बराच मोठा भाग जर-तरचाच असतो. दूध वेळेवर आले तर चहा होईल, गाडी चुकली तर रजा पडेल, ताप उतरला नाही तर डॉक्टरांना बोलवावे लागेल. ही वाक्ये इतकी सवयीची झालेली असतात की, त्यांत आपण नेमके काय म्हटले व काय म्हटले नाही, इकडे लक्ष जात नाही.

एका घरातील प्रसंग पाहा. आईने नऊ वर्षांच्या मुलाला सांगितले, ‘‘शनिवारपर्यंत एकोणतिसापर्यंतचे पाढे पाठ केलेस, तर तुला सर्कशीला नेईन.’’ शनिवार उजाडला. पाढे सतराच्या पुढे सरकले नव्हते, परंतु चिरंजीव मात्र भांग पाडून, नवा सदरा घालून दारात उभे! आई रागावली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘‘पाठ केलेस तर नेईन, असे तू म्हणालीस. पाठ केले नाहीस तर नेणार नाही, असे कुठे म्हणालीस?’’

वाचकहो, ह्या मुलाला वात्रट ठरवून आपण मोकळे होऊ. पण तर्कशास्त्राच्या न्यायासनापुढे हा खटला गेला तर निकाल मुलाच्या बाजूने लागेल. आईच्या वाक्याने एकाच परिस्थितीविषयी वचन दिले होते : पाढे पाठ झाले असता काय होईल. ते पाठ न झाल्यास काय होईल याविषयी वाक्य मुग्ध होते. आईच्या मनात ‘तरच’ होते आणि तोंडून ‘तर’ निघाले. एका ‘च’ने सर्कस वाचली असती. आईची बाजूही अगदीच दुबळी नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. वचने आणि धमक्या यांत न उच्चारलेला ‘च’ ऐकून घ्यावयाचा, असा व्यवहाराचा संकेतच आहे. अडचण अशी की, हीच सवय आपण जेथे ‘च’ मुळीच नसतो अशा ठिकाणीही नेतो. तेथे सर्कशीपेक्षा पुष्कळ अधिक काही पणाला लागलेले असते.

व्याकरणात ज्याला संकेतार्थी वाक्य म्हणतात त्याचे दोन भाग असतात. ‘जर’चा भाग ते पूर्वांग आणि ‘तर’चा भाग ते उत्तरांग. आता एक साधे विधान घेऊ : ‘एखादा माणूस बडोद्यात राहत असेल, तर तो गुजरातेत राहतो.’ याच्या सत्यतेविषयी कोणाला शंका नाही. ह्या एका विधानातून आणखी तीन विधाने तयार करता येतात. दोन्ही अंगांची अदलाबदल केली की ‘गुजरातेत राहत असेल, तर बडोद्यात राहतो’ असे होईल. हा व्यत्यास होय. भूमितीच्या पुस्तकामुळे हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. अंगे जागच्या जागी ठेवून दोहोंना नकार लावला, तर ‘बडोद्यात राहत नसेल, तर गुजरातेत राहत नाही’ असे होते. याला सोयीसाठी सरळ नकार म्हणू. आणि अंगांची अदलाबदलही केली व नकारही लावला, म्हणजे ‘गुजरातेत राहत नसेल, तर बडोद्यात राहत नाही’ हे चौथे रूप मिळते. त्याला उलट नकार म्हणू.

सुरतेतील एखाद्या मराठी कुटुंबाला व्यत्यास वाचून दाखवा. ते हसून म्हणतील, आम्ही गुजरातेतच राहतो, पण बडोदे आम्ही लग्नाकार्यालाच पाहतो. तेच कुटुंब सरळ नकारही खोटा पाडते. उलट नकार मात्र कोणालाही खोडता येणार नाही. इंदूरचा गृहस्थ गुजरातेत राहत नाही, म्हणून तो बडोद्यातही राहत नाही, हे उघड आहे. असे का व्हावे? मूळ विधान खरे पाहता एकाच गोष्टीला मज्जाव करते : बडोद्यात आहे आणि गुजरातेत नाही, असा माणूस असू नये. उलट नकारही नेमक्या ह्याच माणसाला मज्जाव करतो. म्हणून ती दोन विधाने एकाच अर्थाची, नुसती पोशाख बदललेली. व्यत्यास व सरळ नकार मिळून दुसऱ्या एका माणसाला मज्जाव करतात : गुजरातेत आहे पण बडोद्यात नाही. त्या दोघांची आपसांत जोडी जमते, मूळ विधानाशी नाही.

ही सर्व विद्या परदेशातून आली असे समजण्याचे कारण नाही. आपल्याकडील न्यायशास्त्राचा सारा डोलाराच जेथे धूर तेथे अग्नी, ह्या एका व्याप्तीच्या आधाराने समजावून दिला जातो. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा छोटासा ग्रंथ पाठशाळांतील मुलांनी पिढ्यान् पिढ्या घोकला. त्या परंपरेत व्याप्ती दोन अंगांनी तपासतात. धूर असेल तेथे अग्नी असतो हा अन्वय. त्याचा दाखला स्वयंपाकघराचा. अग्नी नसेल तेथे धूर नसतो हा व्यतिरेक. त्याचा दाखला जलाशयाचा. आपण ज्याला उलट नकार म्हटले तो हा व्यतिरेकच होय. आणि व्यत्यासाचे काय? अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे कोणी अनुमान केले तर नैयायिक त्याच्यापुढे लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा ठेवतो. अग्नी आहे, धूर नाही! धूर निघण्यास ओल्या इंधनाचा संयोग लागतो. ही न सांगितलेली अट म्हणजे त्यांच्या परिभाषेतील ‘उपाधी’. कोणताही व्यत्यास मनात आला की ‘येथे तापलेला गोळा कोणता?’ असे स्वतःला विचारावे, इतके हे उदाहरण हाताशी धरण्याजोगे आहे. चूल पेटवताना ओल्या लाकडांनी डोळे चुरचुरलेल्या कोणालाही ते सहज पटावे.

याचा अर्थ व्यत्यास नेहमी खोटाच असतो असा नव्हे. तो खराही असू शकतो. फक्त तो मूळ विधानातून फुकट मिळत नाही, त्याची वेगळी सिद्धता द्यावी लागते. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने आपल्या ‘मूलतत्त्वां’च्या पहिल्या भागात ४८ सिद्धान्त मांडले. त्यांपैकी ४७ वा म्हणजे पायथागोरसचे सुप्रसिद्ध प्रमेय : त्रिकोण काटकोनी असेल, तर कर्णाचा वर्ग इतर दोन भुजांच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. तेथे तो थांबला नाही. ४८ वा आणि शेवटचा सिद्धान्त हा ह्याच प्रमेयाचा व्यत्यास आहे, आणि युक्लिडने त्याची सिद्धता स्वतंत्रपणे दिली आहे.

ह्या दोन सिद्धान्तांतील भेद गवंडी हाताने जगतो. पाया आखताना कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर खूण, आणि मग दोन खुणांमधील तिरके अंतर मोजावयाचे. ते ५ फूट भरले की कोपरा गुण्यात आला. ३ चा वर्ग ९, ४ चा १६, बेरीज २५, आणि ५ चा वर्गही २५. आता बारकाईने पाहा. अंतर ५ भरले नाही आणि गवंडी म्हणाला, ‘कोपरा चुकला,’ तर तो मूळ प्रमेयाच्या उलट नकाराने बोलतो. अंतर बरोबर ५ भरले आणि तो म्हणाला, ‘कोपरा जमला,’ तर तो व्यत्यासाच्या बळावर बोलतो. युक्लिडचा शेवटचा सिद्धान्त नसता, तर पहिले वाक्य बोलण्याचा त्याला अधिकार होता, दुसरे बोलण्याचा नव्हता. आणि भिंत तर दुसऱ्या वाक्यावर उभी राहते.

पूर्वांगच खोटे असेल तर काय, हा प्रश्न येथे चाणाक्ष वाचकाला पडेल. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते,’ ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. पण ते विधान खरे की खोटे? ग्रीक पंडितांनी यावर मोठा वाद घातला. फिलो म्हणे, पूर्वांग खरे असून उत्तरांग खोटे निघाले तरच विधान खोटे. बाकी सर्व प्रसंगी ते खरे मानावे. त्याचा गुरू डायोडोरस याला हे पुरेसे वाटेना. तसे घडणे कधीही शक्य नसावे, असा त्याचा आग्रह. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील कवी कॅलिमॅकसने याची थट्टा केली आहे की, कोणते जर-तर खरे यावर आता छपरावरचे कावळेसुद्धा कावकाव करू लागले आहेत. आजचे गणित फिलोच्या मार्गाने जाते. सर्कशीच्या खटल्यात मुलाचा वकील फिलोच होता. पाढे पाठ झालेच नाहीत, म्हणजे आईने नेले किंवा न नेले, तिचे वाक्य खोटे पडत नाही. मुलगा खटला जिंकला हे खरे. परंतु त्याला सर्कशीला नेण्याचे बंधन आईवर आले, असे मात्र नाही! ही गोष्ट त्या बालवकिलाच्या ध्यानात आली नसावी.

आता एक कोडे. टेबलावर चार पत्ते मांडले आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूस अक्षर व दुसऱ्या बाजूस अंक आहे. आपल्याला दिसतात ते असे : अ, क, ४, ७. कोणी एक नियम सांगतो : ‘एका बाजूस स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूस सम संख्या असते.’ नियम पाळला गेला आहे किंवा नाही हे ठरविण्यास कोणकोणते पत्ते उलटावे लागतील? (‘क’मध्येही ‘अ’ दडलेला आहे, असा वैयाकरणी वाद कृपया काढू नये, ‘क’ला येथे व्यंजन समजावे.) उत्तर ठरवूनच पुढे वाचावे.

लंडनमधील मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये हे कोडे प्रसिद्ध केले. पुढील अनेक प्रयोगांत सुशिक्षित विद्यार्थ्यांपैकीही दहांत जेमतेम एकाचे उत्तर बरोबर आले. बहुतेकांनी ‘अ’ आणि ‘४’ निवडले. आपणही तेच निवडले असेल तर खट्टू होऊ नका, संगत चांगली आहे. ‘अ’ उलटला पाहिजे, हे ठीक. परंतु ‘४’च्या मागे व्यंजन निघाले तरी काय बिघडले? सम संख्येमागे स्वरच असावा, असे नियम म्हणत नाही. ते म्हणतो तो व्यत्यास. उलटावयाचा तो ‘७’. त्याच्या मागे स्वर निघाला तर नियम मोडला. उलट नकाराचे भान आपल्याला किती कमी असते, हे येथे उघड होते.

मौज पुढेच आहे. १९८२ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात रिचर्ड ग्रिग्ज व जेम्स कॉक्स यांनी हेच कोडे मद्यपानाच्या वयोमर्यादेच्या रूपाने विद्यार्थ्यांना घातले. चार माणसे आहेत. एक बिअर पितो आहे, एक साधे शीतपेय. तिसऱ्याचे वय मर्यादेच्या वर आहे, चौथ्याचे खाली. कोणाची तपासणी कराल? जवळजवळ तीनचतुर्थांश विद्यार्थ्यांनी अचूक सांगितले : बिअर पिणाऱ्याचे वय पाहा आणि अल्पवयीनाचा पेला पाहा. सांगाडा तोच, केवळ अंगावरील कपडे ओळखीचे. तेव्हा आपल्या बुद्धीत हे बळ नाही असे नव्हे. कोणी नियम मोडतो आहे काय, हे हुडकताना ते तत्काळ जागे होते. इतर वेळी झोपी जाते.

ते झोपल्याने काय होते, याचे एक उदाहरण आपल्या घराघरांत आहे. ‘स्त्रीच्या शरीरात अमुक एक दोष असेल, तर तिला मूल होत नाही,’ हे वैद्यकातील विधान अनेक दोषांच्या बाबतीत खरे आहे. आता लग्नाला चार वर्षे झालेल्या एखाद्या घरात जा. तेथे हे विधान उलटे होऊन बसलेले दिसेल : ‘मूल होत नाही, तर स्त्रीच्या शरीरात दोष आहे.’ हा निखळ व्यत्यास. कोणी तो सिद्ध केलेला नाही. परंतु त्यावर भिंती उभारल्या जातात. सून नवससायास करते, उपासतापास करते, दहा ठिकाणची औषधे घेते. ओटीभरणाला तिला बोलावणे येत नाही. क्वचित् दुसऱ्या लग्नाची कुजबुजही तिच्या कानी येते. आणि तापलेला गोळा त्याच घरात, त्याच माजघरात असतो. त्याला कोणी विचारीत नाही. अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या बाबतीत कारणाचा सर्व किंवा काही भाग पुरुषाकडे असतो, असे वैद्यकशास्त्र आज सांगते. पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे वीर्याची तपासणी. ती सुईशस्त्रावाचून होते आणि स्त्रीच्या बहुतेक तपासण्यांहून सोपी व कमी खर्चाची असते. असे असूनही ती बहुधा शेवटी होते किंवा होतच नाही. म्हणून डॉक्टर दोघांनीही पहिल्याच भेटीस बरोबर यावे असे सांगतात. सासूबाईंना हे समजावताना तर्कशास्त्राचे नाव काढण्याची गरज नाही. ‘चूल पेटली नाही म्हणजे लाकडेच ओली, असे का? काडीही सादळलेली असेल,’ एवढे म्हटले तरी त्यांना मुद्दा कळतो. मान्य करणे ही गोष्ट वेगळी.

दुसरे उदाहरण सरळ नकाराचे. क्षयरोगाविषयी सरकारी भित्तिपत्रके अनेक वर्षे सांगत आली आहेत की, दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्यावी. सूचना अत्यंत उपयुक्त आहे. ती मुळीच सोडू नये. परंतु वाचणाऱ्याच्या मनात ती नकळत दुसरे रूप घेते : खोकला नसेल, तर तपासणी नको, तपासणी नको, म्हणजे क्षय नाही. भित्तिपत्रक असे म्हणत नाही. क्षय मानेतील गाठींना होतो, मणक्याला होतो, मेंदूच्या आवरणाला होतो, आणि तेथे खोकला नसण्याचाच संभव अधिक. फुप्फुसाच्या क्षयातही तो आरंभी नसू शकतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात लक्षणांच्या चौकशीबरोबर छातीची क्ष-किरण तपासणीही केली होती. ती केली नसती, तर सापडलेल्या रुग्णांपैकी शंभरांत चाळिसांहून अधिक जण हातचे निसटले असते, असे त्यात आढळले. घरात कोणाला क्षय झाला असेल, तर खोकल्याची वाट न पाहता घरातील सर्वांनी तपासून घ्यावे, असे सांगितले जाते ते यामुळेच. वजन घटणे, संध्याकाळी बारीक ताप येणे, रात्री घाम फुटणे, ही लक्षणे खोकल्यावाचूनही येऊ शकतात.

न्यायालये ह्या बाबतीत आपल्यापेक्षा सावध असतात. अपराधी मनुष्य पळून जातो हे पुष्कळदा खरे. परंतु पळून गेला एवढ्यावरून तो अपराधी ठरत नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत म्हटले आहे. निरपराध माणूसही पोलिसांच्या धास्तीने घर सोडतो. गावच्या पारावरील न्यायालय मात्र व्यत्यासावरच चालते.

शेवटी पुन्हा त्या ‘च’कडे वळतो, कारण मराठीने हे एकाक्षरी हत्यार आपल्याला दिले आहे आणि आपण ते बोथट करून टाकले आहे. ‘पाऊस झाला तर पीक येईल’ म्हणजे पाऊस पुरेसा आहे. ‘पाऊस झाला तरच पीक येईल’ म्हणजे पाऊस आवश्यक आहे, पुरेसा असेलच असे नाही. दुसऱ्या वाक्यात टोळधाडीला जागा आहे, पहिल्यात नाही. कचेऱ्यांच्या सूचना बहुतेक दुसऱ्या जातीच्या असतात. ‘उत्पन्नाचा दाखला जोडला असेल तरच अर्जाचा विचार होईल’ हे वाचून माणूस दाखला जोडतो आणि अर्ज मंजूर झालाच असे समजून घरी येतो. पुढे नकाराचे पत्र आले की कारकुनाने फसविले म्हणतो. सूचनेने विचाराचेच आश्वासन दिले होते, आणि तेही दाखल्यावाचून मिळणार नाही एवढेच.

निवडणुकीच्या दिवशी हा घोळ सर्वांत अधिक दिसतो. मतदार यादीत नाव असेल तरच मत देता येते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६२ व्या कलमात ही अट आहे. अट आवश्यक आहे, पण तेवढी पुरेशी नाही : यादीत नाव असूनही, त्याच कलमानुसार, तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्यास मत देता येत नाही. आणि मतदार ओळखपत्राची गोष्ट तर याहून वेगळी. ते पत्र तुम्ही कोण हे सांगते. तुमचे नाव आज यादीत आहे, हे ते सांगत नाही. यादीत नाव आले म्हणून पत्र मिळाले. पत्र आहे म्हणून नाव आहेच, हा पुन्हा व्यत्यास. बदलीच्या नोकरीमुळे भोपाळहून हैदराबादेस, तेथून नागपुरास गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे कपाटात जपून ठेवलेले ओळखपत्र घेऊन केंद्रावर जातात आणि नाव न सापडल्याने परत फिरतात. राहते ठिकाण बदलले असेल, तर नव्या पत्त्यावर नाव नोंदविण्याचा अर्ज निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता करावा, आणि मतदानापूर्वी काही दिवस यादी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावी.